वारा वर चढतो तिथं

आनंदचा फोन आला तेव्हा मी हिंगोलीच्या माझ्या घरात, ओसरीवर दोरी मोजत बसले होते. तंबूची दोरी. तीन दिवसांनी, शुक्रवारी सकाळच्या गाडीनं आम्हा दोघींना निघायचं होतं आणि शकुंतलानं बजावून ठेवलं होतं, "मॅडम, दोरी जास्तीची घ्या. मागल्या खेपेला कमी पडली व्हती." बारा हात झाली असेल नसेल तोच फोन वाजला. आनंद म्हणजे तिचा मुलगा, माझाच एकेकाळचा विद्यार्थी. म्हणाला, "मॅडम, तुमी लवकर या. आई उठंना झाली..." मी डेपोत गेले, मिळेल त्या एसटीत बसले, जवळा बाजारला उतरले, तिच्या दारातल्या गर्दीतून आत गेले, आणि तिथं कुणीतरी माझ्या हातातून काहीतरी सोडवून घेतलं तेव्हा कळलं, की दोरी तेवढा वेळ माझ्या मुठीतच होती. झोपेतच हृदय थांबलं, असं डॉक्टर म्हणाले. एकसष्ट वर्षांची होती.

आता दीड महिना होऊन गेला. लिहू का नको असं बरेच दिवस चाललं होतं. पण शकुंतलावर हळू आवाजात, डोळे पुसत लिहिता येणार नाही. ती स्वतः कधी हळू बोलली नाही. एसटीत बसली की मागच्या सीटपर्यंत सगळ्यांना कळायचं, ह्या दोघी कुठं चालल्यात, कशाला चालल्यात आणि डब्यात काय आहे. तेव्हा तिच्याच पट्टीत लिहिते.

आमची ओळख शाळेतली. जवळा बाजारच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. ती तिथं शिपाई होती. नवरा लवकर गेला, त्याच्या जागेवर ती लागली. घंटा देणं, वर्ग झाडणं, पाणी भरणं, आणि मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षकांना चहा आणून देणं हे तिचं काम. माझं घर देवळाच्या सेवेतलं, तिचं बौद्ध वस्तीतलं. हे लिहिण्याची गरज आहे, कारण तेवीस वर्षं तिनं मला रोज चहा आणून दिला आणि मी एकदाही तिला "बस, तूही घे" म्हटलं नाही. कुणी मनाई केली नव्हती. मला सुचलंच नाही, आणि न सुचल्याची लाज वाटायलाही बराच उशीर लागला.

सातवीच्या वर्गाच्या खिडकीबाहेर तिची बसायची जागा होती. तिथं बसून ती माझे सगळे तास ऐकायची, हे मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हतं. कळलं ते माझ्या निरोप समारंभाच्या दिवशी. शाल झाली, नारळ झाला, मुख्याध्यापक म्हणाले, "मॅडमनी आमच्या पोरांपुढं सह्याद्री प्रत्यक्ष उभा केला." टाळ्या पडल्या. सगळे पांगल्यावर शकुंतला खुर्च्या उचलत होती. एकावर एक चार खुर्च्या रचून तिनं मला विचारलं, "मॅडम, तुमी स्वतः बघितला काहो त्यो सह्याद्री?"

मी नाही म्हटलं. खोटं बोलायला सुचलं नाही म्हणून खरं बोलले. शिर्डीला गेले होते, पुण्याला भाचीच्या लग्नाला गेले होते, पण ते गाडीतून, झोपेत. डोंगरावर पाय म्हणून ठेवला नव्हता. सातपुडा नाही, घाट नाही, कोकण नाही. एकतीस वर्षं भिंतीवरच्या नकाशावर छडी ठेवून मी पोरांना राज्य हिंडवलं होतं.

ती खुर्ची टाकून हसायला लागली. मला राग आला, मग मीही हसले. म्हणाली, "मी तर कवापासून वाट बघून राहिले. तुमी दरसाली सांगता, समुद्रावरनं वारा येतो, डोंगराला अडतो, वर चढतो, तिकडंच पाऊस पाडतो, अन् आपल्याकडं येईस्तोवर कोरडा व्हतो. म्हंजे आपल्या वाट्याचं पाणी कोनीतरी तिकडंच अडवून राहिलंय. एकदा जाऊन बघायलाच पायजे, कोन हाय त्यो!" पर्जन्यछायेचा प्रदेश इतक्या नेमकेपणानं माझ्या एकाही विद्यार्थ्यानं उत्तरपत्रिकेत लिहिला नव्हता.

त्याच दिवशी शाळेनं नवे तक्ते आले म्हणून जुना नकाशा रद्दीत काढला होता. तो तिनं घरी नेला आणि पुढच्या खोलीत खिळा ठोकून टांगला. वर्षभरात तीही निवृत्त झाली, आणि आमचं हिंडणं सुरू झालं.

तंबू कुठून आणायचा हा पहिला प्रश्न. तिच्या भावाचं शेत सिद्धेश्वर धरणाच्या खालच्या अंगाला. तिथं हळद होते. शिजवलेली हळद वाळत घालायची एक मोठी ताडपत्री त्यानं बहिणीला दिली. मूळचा रंग कोणता होता देव जाणे. आता ती अंगभर पिवळी होती आणि उघडली की खोली हळदीच्या वासानं भरायची. शकुंतलानं तिला काठांनी भोकं पाडली, सायकलच्या ट्यूबच्या चकत्या शिवल्या, दोन वेळू तासले. पहिला मुक्काम धरणाच्या काठावर, सरावापुरता. ताडपत्री उभी राहिली आणि वाऱ्याबरोबर पाण्याकडे निघाली. साठीला टेकलेल्या दोन बायका धरणाकाठी तंबूमागं पळतायत, आणि मासे धरणारे जाळी सोडून पोट धरून हसतायत! पुढं चहा करायला बसलो तर मी कप एकच घेतलेला. एकीनं प्यायचा, विसळून दुसरीनं प्यायचा. त्यानंतर आम्ही कधी दुसरा कप नेला नाही.

चिखलदरा आमचा पहिला डोंगर. सातपुडा! वाशीम, अकोला, परतवाडा असं करत गेलो. कंडक्टरनं ताडपत्रीचं बोचकं हुंगून विचारलं, "हळद विकायला का?" शकुंतला म्हणाली, "न्हाई हो, झोपायला." वर पोचलो तर ढग रस्त्यावर उतरलेले. मी ढगांचे प्रकार शिकवले होते. ढगात हात घातला नव्हता. मी लहान पोरीसारखी हात पुढं करून चालत राहिले आणि शकुंतला ओरडत होती, "मॅडम, दिसंना झाल्या तुमी! आवाज द्या!" एका ओळखीच्या माणसाच्या परसात ताडपत्री ताणली आणि आत निजलो. पण धुकं कापडावर साचतं, साचून गळतं, हे आम्हाला सुचलं नव्हतं. आणि कापड तर वर्षानुवर्षं हळद प्यालेलं. पहाटे उठून बघते तर शकुंतला पिवळी, मी पिवळी, पदर पिवळा, केस पिवळे, कानाच्या पाळ्यासुद्धा पिवळ्या. तशाच टपरीवर गेलो. टपरीवाल्यानं दोघींना वरपासून खालपर्यंत बघून विचारलं, "हळद कोनाची व्हय जी?" शकुंतला क्षणभरही थांबली नाही. "ह्या मॅडमची. नवरदेव मागून येऊन राहिला."

मी लग्न केलं नाही. का नाही ते राहू द्या. पण मला आयुष्यात हळद लागली ती चिखलदऱ्याच्या त्या टपरीवर, आणि लावणाऱ्या बाईनं माझ्याकडून चहासोबत भजीही उकळली.

परत आल्यावर तिनं नकाशापुढं हळदीची डबी उघडली, बोट बुडवलं आणि चिखलदऱ्यावर टेकवलं. मग डबी माझ्यापुढं धरली. तेव्हापासून रीत पडली. जाऊन बघून आलो की नकाशावर दोन बोटं, एक तिचं, एक माझं, शेजारी शेजारी. शेजारच्या एका म्हातारीनं हटकलं, की विधवा बाईनं हळदीला असं बोट लावू नये. शकुंतला म्हणाली, "हळद मी शिजवायची, मी वाळवायची, पोती मी उचलायची, अन् बोट तेवढं लावायचं न्हाई व्हय?"

मग काय विचारता! तोरणमाळच्या वळणावळणांच्या घाटात शकुंतलानं ड्रायव्हरच्या मागं उभं राहून प्रत्येक वळण मोजलं आणि मध्येच आकडा चुकला म्हणून ड्रायव्हरशी वाद घातला. साल्हेरच्या पायथ्याला बागलाणातल्या बायकांनी आम्हाला नागलीची भाकरी दिली, आम्ही त्यांना हळकुंडं दिली. साताऱ्याकडच्या पठारावर फुलं बघायला गेलो तर तिनं पाय ठेवायला जागा नाही म्हणून चपला हातात घेतल्या आणि रस्त्याच्या कडेनं अनवाणी चालली. कोकणात उतरल्यावर समुद्र पहिल्यांदा बघितला तेव्हा मात्र ती गप्प झाली. मला वाटलं, भरून आलं असेल. मग म्हणाली, "हितून निघतो व्हय त्यो वारा..." आणि पाण्याकडे पाठ करून डोंगर कुठं आहेत ते शोधायला लागली. माझा धडा ती एकेक ओळ करून तपासत होती.

राहिला होता तो कोकणकडा. हरिश्चंद्रगडावरचा, आत वळलेला तो प्रचंड कडा. खाली सगळं कोकण. मागच्या हिवाळ्यात आम्ही गेलो. राजूरहून जीपनं पाचनईला, तिथून पायी. सुरुवात बरी झाली. मग वाट कातळाच्या पोटाखालून जायला लागली. डाव्या हाताला खडक, उजव्या हाताला दरी, मध्ये कुठं कुठं लोखंडी कठडा. मी खाली बघितलं आणि माझे पाय थांबले. थांबले म्हणजे हललेच नाहीत. मी तिथंच बसले.

"काहून भिऊन राहिल्या मॅडम? खडकाला हात लावा, माझ्या पायाकडं बघा अन् चाला."

"नाही जमायचं. तू जा."

तिनं पुष्कळ समजावलं. शेवटी कॉलेजच्या काही मुली वर निघाल्या होत्या, त्यांच्याबरोबर गेली. मी थोडं मागं येऊन एका ताक विकणाऱ्या बाईच्या छपरात बसले. दिवस कलताना शकुंतला परत आली. केस पिंजारलेले, तोंड वाऱ्यानं लाल, आणि लांबूनच ओरडत, "खरं हाय! मॅडम, तुमी सांगितलं ते खरं हाय! वारा खालून वर चढून येऊन राहिला! मी मूठभर गवत टाकलं, ते खाली जाईना, माझ्याच तोंडावर आलं!"

एकतीस वर्षांत माझ्या शिकवण्याला असं प्रमाणपत्र मिळालं नव्हतं. आणि मी काय म्हणाले? "मला माहीत आहे. मीच शिकवलंय." फार कडू लागलं ते मलाच. तिनं ताकाचा पेला खाली ठेवला. "शिकवलंय, व्हय. पन तुमाला लागला कुठं त्यो वारा?"

घरी आल्यावर मी म्हटलं, तू बघितलंस, तू लाव बोट. तिनं डबी उघडलीच नाही. "एकीचं बोट लावायचं न्हाई. एवढी तकलीफ घेऊन मी तुमाला हिंडवून राहिले ती काय एकटीनं बघायला? धडा तुमचा हाय." वर्षभर आम्ही दुसरीकडं गेलो, बोटं लागत गेली, आणि नकाशाच्या पश्चिमेच्या कडेला तेवढी एक जागा मोकळी राहिली. ती विषय काढायची, मी गुडघे पुढं करायचे. मग चक्कर. मग चुलतभावाकडचं कार्य. या हिवाळ्यात मी अखेर हो म्हटलं.

आता खरं सांगते. मी होकार दिला तो तिचं टुमणं थांबावं म्हणून. मनात मी ठरवलं होतं, पाचनईपर्यंत जायचं आणि मुकाट त्या ताकवालीपाशी बसायचं. हे मी तिला सांगितलं नव्हतं. तिच्या दारात दोरी घेऊन उभी होते तेव्हा माझ्या मनात दुःखाच्या आधी हेच आलं, की आता ते कधीच उघडं पडणार नाही. असं मन असतं माणसाचं.

त्या दिवशी पुढच्या खोलीची भिंत रिकामी दिसली. नकाशाच्या जागी उजळ चौकोन. लोक येणार म्हणून काढला असेल असं समजून मी काही विचारलं नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाल्यावर पाहुणे गेले, तेव्हा आनंदनं तिची पाठीवरची बॅग माझ्यापुढं आणून ठेवली. तिनं आदल्या दिवशीच भरून ठेवली होती. "मॅडम, मला उघडवंना. तुमीच बघा," म्हणाला. वर ताडपत्री. तिच्या खाली तिळाची चटणी, बॅटरी, आमचा एकुलता एक कप. आणि सगळ्यात तळाला, साडीत गुंडाळून घडी केलेला नकाशा, सोबत हळदीची डबी.

मी नकाशा जमिनीवर पसरला. कोकणकड्यावर बोट लागलेलं होतं. एकच. ताजं, पिवळंधमक, जाडसर. तिचं. आणि त्याच्या शेजारी एका बोटापुरती जागा सोडलेली... नेहमीसारखी.

आनंद म्हणाला, "मी इचारलं व्हतं तिला, आई, नकाशा काहून काढला? तर म्हनली, ह्या खेपेला मॅडम चढणारच हायत, तर घरी येईस्तोवर कोन थांबंल? तितंच कड्यावर बोट लावू." मला त्यापुढं बसवेना. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि हमसाहमशी रडले. एकीचं बोट लावायचं नाही, ही तिची रीत. ती तिनं माझ्या भरवशावर मोडली होती, आणि मी तर चढणारच नव्हते.

दोन आठवड्यांनी आनंद आणि मी निघालो. ताडपत्री तीच, दोरी तीच, बारा हातांची. पाचनईच्या वाटेवर ताकवाली बसलेली होती. तिनं मला ओळखलं. "त्या दुसऱ्या बाई न्हाई आल्या का?" तिनं विचारलं. मी म्हटलं, "त्या कड्यावर आहेत. वाट बघतायत." सरळ खोटं बोलले. पण बोलून गेल्यावर छपरात बसायची सोय राहिली नाही.

कातळाखालच्या वाटेवर डावा हात खडकावर ठेवला आणि आनंदच्या टाचांवर नजर. पायांना वास्तविक काहीच कळत नव्हतं. ते थरथरत होते आणि चालत होते, दोन्ही एकदम. मध्ये एकदा मी थांबले. आनंद मागं वळला आणि आईच्याच आवाजात म्हणाला, "आवाज द्या मॅडम!" मी दिला. मोठ्यांदा. खालून दरीनं परत दिला. मग मी दर दहा पावलांवर आवाज देत गेले. येणारेजाणारे बघत होते, बघोत बापडे. असं करत देऊळ आलं, पाण्याचं कुंड आलं, करवंदीच्या जाळ्या गेल्या, आणि जमीन एकदम संपली.

कड्याच्या टोकाशी उभं राहता येत नाही. पोटावर निजून डोकं पुढं करायचं. मी निजले. साठी ओलांडलेली निवृत्त शिक्षिका, खडकावर पालथी. खाली कोकण, घरं नखाएवढी, लांब धुरकट उजेड. आणि वारा! समुद्राकडून आलेला, कड्याच्या पोटात शिरलेला, अडलेला, आणि सगळा जोर लावून वर चढणारा. माझ्या तोंडावर आपटला तेव्हा श्वासच अडला. मी हातात आलं ते वाळकं गवत उपटून पुढं सोडलं. ते खाली गेलं नाही. गरकन फिरलं आणि माझ्या चष्म्यावर येऊन बसलं. मी ओरडले, "खरं आहे! शकुंतला, खरं आहे!" आनंद माझे पाय धरून बसला होता, तो हसत होता आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मागं सरकून आम्ही नकाशा खडकावर पसरला. वाऱ्यात तो राहीना. दोन कोपरे आनंदनं दाबले, दोन मी गुडघ्यांनी. डबी उघडताच निम्मी हळद उडाली आणि आमच्या दोघांच्या तोंडावर बसली. उरलेल्यात बोट बुडवलं आणि तिच्या बोटाशेजारी टेकवलं.

नकाशा पुन्हा जवळा बाजारला, त्याच खिळ्यावर आहे. तो चौकोन झाकला गेलाय. आनंदनं मला घेऊन जा म्हटलं होतं, मी नको म्हटलं. आठवडी बाजाराच्या दिवशी मी जाते, तिच्या सुनेच्या हातचा चहा घेते आणि नकाशासमोर बसते. कोकणकड्यावरचं तिचं बोट अगदी सरळ आहे, ठाम टेकवलेलं. माझं शेजारी आहे, थोडं वाकडं आणि फराटलेलं, वाऱ्यानं कागद हलला होता म्हणून.